धोंड्याला आलेली दोन खोकी

पुंजाराम काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलांचा दलाल होता आणि दलालीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. एका बाजूला विकणाऱ्याचा हात, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्याचा हात, वर पुंजारामचा मळका टॉवेल आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव. तोंडानं चकार शब्द नाही. त्याचं तोंडही असं, की पाठीमागं घर पेटलेलं असलं तरी पाहणाऱ्याला वाटावं, गडी निवांत तंबाखू मळतोय. ‘ज्याचं तोंड वाचता येतं त्यानं दलाली करू नये, कीर्तन करावं,’ असं तो नव्या पोरांना सांगे.

या तोंडाचा त्याला भारी अभिमान. धाकट्या लेकीच्या पाठवणीला सगळा मांडव हमसून रडत होता, अगदी वाजंत्रीवाल्यानंही सनई बाजूला ठेवून डोळे पुसले, पण पुंजारामच्या डोळ्याला टिपूस नव्हतं. त्या वेळी तो तिथं नव्हताच. “मी बैलास्नी पानी दाखवाया गेल्तो,” असं तो नंतर सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी सांगत असे.

असा हा पोचलेला माणूस दोन जावयांपुढं मात्र टेकीला आला होता.

जावई तसे दृष्ट लागण्यासारखे. थोरल्या ज्ञानेश्वरीचा नवरा आदिनाथ, कर्जतला फोटो स्टुडिओवाला, लग्नाच्या शूटिंगला तालुक्यात पहिला मान त्याचा. धाकट्या राजनंदिनीचा नवरा हर्षल, राहुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दोघंही कमावते, दोघंही निर्व्यसनी. पुढं पुढं तर पुंजारामला वाटायला लागलं, की एखादं व्यसन असतं तर बरं झालं असतं. निदान त्या निमित्तानं दोघं एका जागी बसले तरी असते.

गोष्ट दोन हजार सात सालची. त्या सुमाराला जगात दोन नव्या तबकड्या निघाल्या होत्या. दोन्ही गोल, दोन्हीला मध्ये भोक, दोन्हीत चित्र म्हणे असं लख्ख दिसायचं, की नटाच्या नाकावरचा घाम मोजून घ्यावा. एक लाल डब्यात यायची, तिचं नाव एचडी डीव्हीडी. दुसरी निळ्या डब्यात, तिचं नाव ब्लू-रे. एकीचं यंत्र दुसरीला तोंडात घेत नसे. व्हिडिओ गेमची खोकी या तबकड्याही चालवायची, म्हणून तीही या भांडणात उतरली होती. प्लेस्टेशन नावाचं काळं खोकं निळीच्या बाजूनं आणि एक्सबॉक्स नावाचं पांढरं खोकं, शेजारी आणखी एक छोटं खोकं जोडून, लालीच्या बाजूनं. तिकडं जपान-अमेरिकेत या लढाईत मोठमोठ्या कंपन्या उतरल्या होत्या. नगर जिल्ह्यात या युद्धाचे सैनिक दोनच होते आणि ते एकमेकांचे साडू होते.

ठिणगी पडली ती राजनंदिनीच्याच लग्नात. शूटिंग अर्थातच आदिनाथनं केलं, नव्या कोऱ्या कॅमेऱ्यावर, आणि मोठ्या हौसेनं सगळं लग्न लाल तबकडीत भरून नव्या जोडप्याच्या हातात ठेवलं. हर्षलकडं होतं काळं खोकं. तो म्हणाला, “दाजी, हे आमच्याकडं चालत नाही. निळीत द्या.” आदिनाथ म्हणाला, “निळीला भविष्य नाही, हर्षलराव. पांढरं खोकं घ्या.” शेवटी राजनंदिनीनंच विचारलं, की साध्या डीव्हीडीत नाही का जमणार? त्यावर आदिनाथ एवढा दुखावला, की तबकडी परत घेऊन गेला. पुरणपोळी करायची आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची, असलं काम आपल्याकडून व्हायचं नाही, असं तो जाताना बोलला.

तेव्हापासून राजनंदिनीनं स्वतःचं लग्न पाहिलेलं नव्हतं. मनकर्णाबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, लेकीचं लग्न पाहिलेलं नव्हतं. प्रत्यक्ष लग्नात तिचा सगळा वेळ आचाऱ्यावर नजर ठेवण्यात गेला होता. आणि ज्या बहिणी लहानपणी एका गोधडीत भांडून एका गोधडीत झोपल्या, त्यांनी नवऱ्यांच्या पायी यंदा संक्रांतीचा तिळगूळ एकमेकींना पोस्टानं पाठवला. वर चिठ्ठी, गोड बोला.

अशात जेठाचा अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा महिना जावयांचा. त्यांना बोलवायचं, पाय धुवायचे, वाण द्यायचं आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खायला घालायचे. मनकर्णाबाईनं पुंजारामला न्याहारीलाच बजावलं.

“दोन्ही जावई येका पंगतीला बसून धोंडं खातील. येकजन जरी ताटावरनं उठला, तर म्होरल्या अधिकापातूर मी तुमच्याशी बोलायची न्हाई.”

खरं सांगायचं तर पुंजारामला आधी हे बक्षीसच वाटलं. तीन वर्षं शांतता. पण मग बायको पदरानं नाक पुसत म्हणाली, “मला पोरी येका ताटात जेवताना बघायच्यात हो.” त्यालाही तेच बघायचं होतं, बायकोपेक्षा काकणभर जास्तच. तोंडावर अर्थातच काही दिसलं नाही. तो म्हणाला, “बघू.”

ठरल्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आदिनाथ आला तो लग्नातल्या शालीत काहीतरी गुंडाळून. मागून हर्षल आला, त्याच्याही काखेत गाठोडं, त्याचं स्वेटरमध्ये. मे महिन्यात स्वेटर पाहूनच पुंजारामनं ओळखलं, की आज काही खरं नाही. शालीतून पांढरं खोकं आणि त्याचं छोटं खोकं निघालं, स्वेटरातून काळं. साडूंनी एकमेकांना नमस्कार केला तोही खोक्यावरची नजर न काढता.

पाय धुताना पहिला मान कुणाचा, यावर काही होऊ नये म्हणून मनकर्णाबाईनं दोन पराती शेजारी मांडल्या होत्या. पुंजारामनं उजव्या हातानं थोरल्याचा पाय आणि डाव्या हातानं धाकट्याचा पाय एकाच दमात धुतला. मग कुंकू, मग वाण. इथवर सगळं झकास झालं. पानं मांडली, धोंडे वाढले, आणि दोन्ही जावई हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“घ्या की पाव्हनं,” पुंजाराम म्हणाला.

“घेतो, मामा,” आदिनाथ म्हणाला. “आधी टीव्हीला आपलं खोकं लावू. दोन मिनिटं लग्न बघू आणि मग बसू.”

“आधी आमचं लावू,” हर्षल म्हणाला. “मी धाकटा आहे, माझा हट्ट पुरवायला पाहिजे.”

“मी थोरला आहे.”

“मग थोरलेपणा दाखवा.”

पुंजारामच्या घरातला टीव्ही म्हणजे पोट सुटलेला जुना डबा. त्यात हिरवा रंग मनात आलं तरच यायचा. पाठीमागं वायर जोडायला भोकांचा एकच संच. म्हणजे एका वेळी एकच खोकं, आणि म्हणजे कुणीतरी पहिला आणि कुणीतरी दुसरा.

“मला येक सांगा,” पुंजाराम म्हणाला, “ह्या टीव्हीवर तुमच्या लालीत आन् निळीत फरक दिसंल का?”

“नाही दिसणार,” दोन्ही जावई एकदम म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांचं एकमत झालं ते हे पहिलंच.

“मंग?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, मामा.”

स्वयंपाकघराच्या दारात मनकर्णाबाई तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिच्या नजरेत म्होरला अधिक महिना स्पष्ट दिसत होता. तिच्या एका खांद्याआडून ज्ञानेश्वरी पाहत होती, दुसऱ्या खांद्याआडून राजनंदिनी, आणि मधे आई असल्यानं दोघींना एकमेकींकडं बघायची गरज पडत नव्हती. पुंजारामला ते दृश्य बघवेना. तो उठला आणि त्याला जे एकच काम येत होतं ते त्यानं सुरू केलं.

दोन्ही खोकी त्यानं ओसरीवर शेजारी शेजारी मांडली. लांबून पाहिली, जवळून पाहिली, मागून पाहिली. काळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. “वशिंड चांगलं हाय. कातडी तुकतुकीत.” पांढऱ्याकडं वळला. “ह्याची कंबर आत गेलीय. उन्हाळ्यात वैरन कमी पडली का?” आदिनाथ म्हणाला, ते डिझाइन आहे. “बरं,” म्हणून पुंजारामनं बटण दाबायला लावलं. पांढऱ्याचा तबकडी ठेवायचा खण बाहेर आला. पुंजारामनं आत वाकून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. ज्या जनावराचं तोंड उघडून बघता येतं त्याच्यावर त्याचा विश्वास बसे. काळ्याला नुसतीच फट होती. “ह्यो आ करत न्हाई,” तो म्हणाला. “पन खानारा दिसतोय.”

“मामा, हे बैल नाहीत,” हर्षल म्हणाला.

“न्हाईत ना? मंग झुंजी कशापायी लावल्यात?”

साडूंनी एकमेकांकडं पाहिलं. पुंजारामनं तेवढ्यात पुढचा डाव टाकला.

“आमच्या बाजारात येक रीत हाय. इकनारा बैल हाकून दावत न्हाई. त्यो आपल्याच बैलाला चुचकारनार. घेनारा हाकतो आन् बैल कसा हाय ते त्यानं सांगायचं. तवा आदिनाथराव, तुमी काळं हाका. हर्षलराव, तुमी पांढरं. आन् ही परीक्षा हाय बरं का, मान न्हाई. आधी कुनाचं तपासू?”

“त्यांचं तपासा,” दोघंही म्हणाले. पहिल्या मानाचं भांडण तिथंच मिटलं, कारण आता दोघांनाही दुसरा नंबर हवा होता. पुंजारामनं जवळचं म्हणून काळं उचललं.

आदिनाथनं आयुष्यात प्रथमच काळ्या खोक्याचं हँडल हातात घेतलं, तेही झुरळ धरावं तसं. पडद्यावर मोटारींची शर्यत सुरू झाली. “हँडल फार हलकं आहे,” तो म्हणाला. मग म्हणाला, गाडी वळणावर नीट दबत नाही. मग झाडं खोटी वाटतात. मग आवाज. बोलता बोलता तो पाटावरून पुढं सरकत होता, आणि धुतलेल्या पायाचा कुंकू लावलेला अंगठा जमिनीवर ब्रेक दाबत होता. शर्यत संपली तसा तो म्हणाला, “नीट पारख व्हायची तर आणखी एकदा बघावं लागेल.”

मग हर्षल पांढऱ्यावर बसला. त्यात बंदुकीचा खेळ होता. हे हँडल जड आहे, हा बंदूकवाला सारखा धापा का टाकतो, हे दगड ओले का दिसतात, असं त्याचं चाललं होतं. खोडी काढत काढत त्यानं शत्रूचं आख्खं गाव साफ केलं, आणि मनकर्णाबाईनं धोंडे परत वाफेला लावले तरी त्याला पत्ता नव्हता.

पुंजाराम पडद्याकडं पाहतच नव्हता. त्याच्या धंद्याचं पहिलं सूत्र होतं, की ज्या गिऱ्हाइकाला बैल घ्यायचा नसतो तो ‘छान आहे, छान आहे’ म्हणत पुढं जातो. खोडी काढत जो थांबला, तो घेणार. थोरला जावई काळ्यावर भाळला होता आणि धाकटा पांढऱ्यावर. फक्त इतके महिने तलवारी उपसल्यावर आता म्हणायचं कसं?

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, दोघांच्या मधे बसला, आणि दोघांचा एकेक हात आपल्या एकेका हातात घेऊन वर टॉवेल टाकला.

“अदलाबदली करायची का, येवढंच सांगा. करायची आसंल तर बोट दाबा. नसंल तर मूठ मिटा. कोन काय म्हनलं ते माझ्या पोटात ऱ्हाईल. तोंडानं कायबी बोला, ते बाजारात धरत न्हाईत.”

“हे खोकं मला फुकट दिलं तरी नको,” आदिनाथ मोठ्यानं म्हणाला आणि टॉवेलाखाली पुंजारामचं बोट इतक्या जोरात दाबलं, की दुसऱ्या कुणाला कळ आली असती.

“माझं घर या असल्या खोक्यासाठी नाही,” हर्षल म्हणाला. त्यानं तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच बोट दाबून ठेवलेलं होतं.

पुंजारामचं तोंड जसं होतं तसंच राहिलं. आतून मात्र त्याला हसू आवरेना. टॉवेलाचा शोध मुळात जावयांसाठीच लागला असावा, असं त्याला वाटून गेलं.

“दोघांचीबी इच्छा न्हाई,” तो गंभीरपणे म्हणाला. “पन माझ्या शब्दाखातर अदलाबदली करतायत. मोठी मनं म्हनायची. काळं कर्जतला जाईल, पांढरं राहुरीला. आन् गाय गेली की पितं वासरू गाईसंगं जातं, तशा ज्याच्या-त्याच्या तबकड्या त्याच्यासंगं.”

आदिनाथ चमकला. “लग्नाची पण?”

“ती लालच हाय ना? मंग तीबी.”

आदिनाथनं सासऱ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं. काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात असावं. पण समोर काळं खोकं चकाकत होतं. त्यानं मान हलवली. “बघा बरं मामा,” एवढंच म्हणाला.

मग पंगत बसली, आणि काय बसली. साडू सौदा जिंकल्याच्या आनंदात होते, दोघांनाही वाटत होतं आपण समोरच्याला टोपी घातली, आणि त्या भरात धोंड्यांवर धोंडे गेले. पुरुषांचं उरकल्यावर आत दोघी बहिणी एका ताटावर बसल्या. राजनंदिनीनं पहिल्याच घासाला बहिणीच्या पुढ्यातला धोंडा पळवला, ज्ञानेश्वरीनं तिच्या हातावर चापट मारली, आणि दोघी अशा हसत सुटल्या, की ठसका लागून पाणी प्यावं लागलं. पुंजाराम दाराशी उभा राहून सुपारी कातरत होता. त्याचा जीव सुपाएवढा झाला. तीन वर्षं बायको बोलणार, याचंही त्याला त्या क्षणी काही वाटलं नाही.

बाहेर साडूंचं भांडण परत पेटलं होतं, पण उलट्या बाजूनं. हर्षल सांगत होता, की लाल तबकडीच टिकणार, स्वस्त पडते. आदिनाथ म्हणत होता, छे, भविष्य निळीचं. पुढच्याच फेब्रुवारीत लाल तबकडी खरोखरच साऱ्या जगात हरली आणि बंद पडली. आदिनाथ नंतर जन्मभर सांगत राहिला, की आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं, आणि हर्षल प्रत्येक वेळी त्याला लग्नाची तबकडी देतानाचे त्याचेच शब्द ऐकवत राहिला. पण ती भांडणं पोटभर जेवून केलेली होती, आणि जेवलेल्या माणसांच्या भांडणाला पुंजाराम भांडण म्हणत नसे.

राजनंदिनी हात पुसत बाहेर आली. “पांढरं आता आमचं ना? मग लावा माझं लग्न.”

छोट्या खोक्याचा खण बाहेर आला, तबकडी आत गेली. सगळी जणं टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसली. हिरवा रंग त्या दिवशी आला नव्हता, त्यामुळं नवरीचा शालू चॉकलेटी दिसत होता. पण कुणाची तक्रार नव्हती. हळद झाली, अक्षता पडल्या. मनकर्णाबाईला पडद्यावर आचारी दिसला आणि तिनं त्याला परत एकदा शिव्या घातल्या. मग पाठवणी आली. सनई, रडारड, राजनंदिनी आईच्या गळ्यात.

“आन् आण्णा कुठं हायेत?” राजनंदिनी म्हणाली.

“बैलास्नी पानी दाखवाया गेल्तो,” पुंजाराम म्हणाला.

पडद्यावर चित्र बदललं. गोठा दिसला. पत्र्याच्या भोकातून ऊन आत आलं होतं. दावणीला दोन खिलारी बैल, आणि त्यांतल्या एकाच्या गळ्यात दोन्ही हात टाकून पुंजाराम रडत होता. साधंसुधं नाही, लहान पोरासारखं, खांदे उडवून, हुंदके देऊन. बैल त्याचं डोकं चाटत होता. पाण्याची बादली कोपऱ्यात पालथी पडलेली होती.

पोट सुटलेला जुना डबा, धड रंग नाही, धड रेषा नाहीत, पण एवढं सगळं लख्ख दिसत होतं. पुंजारामला पळून जावंसं वाटलं, पण दाराशी जावई बसले होते. त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला.

“म्हणून मी म्हणत होतो, साध्या डीव्हीडीत नको,” आदिनाथ हळूच म्हणाला. “प्रती निघाल्या असत्या. बाजारात फिरली असती.”

पुंजारामनं टॉवेलाच्या कडेतून त्याच्याकडं पाहिलं. हे खरं होतं की पठ्ठ्यानं आत्ताच जुळवलं? थोरल्या जावयाच्या तोंडावरून काहीही कळत नव्हतं. पुंजारामला त्याच्याबद्दल प्रथमच मनापासून आदर वाटला.

“प्यालं का हो पानी बैलांनी?” मनकर्णाबाईनं विचारलं. तिचा आवाज कधी नव्हे इतका मऊ लागला होता.

टॉवेलाचं एक टोक त्याच्या मांडीवर आलं होतं. त्याखाली एक हात शिरला आणि त्याची बोटं चाचपू लागला. लहानपणी राजनंदिनी अशीच टॉवेलाखाली हात घालून बाजार-बाजार खेळायची. एक बोट धरलं तर भाव सांगा, दोन धरली तर परवडत नाही, पाचही बोटं एकदम धरली तर सौदा पक्का, आता बोलायचं नाही. मागोमाग दुसऱ्या बाजूनं थोरलीचा हात आला.

दोघींनी पाचही बोटं धरली होती. पुंजारामनं दोन्ही हात दाबून धरले आणि टॉवेल तोंडावर तसाच राहू दिला.